मेंढीचा डोस शेळीला का पुरत नाही?

आजचा विषय तसा शास्त्राचा, पण सुरुवात गोठ्यातूनच करू.

समजा, परांडा तालुक्यातल्या एका घरी दहा-बारा शेळ्या आहेत. काळ्याभोर, बऱ्याचदा जुळी करडं देणाऱ्या, आपल्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, जातीचं नाव मात्र तेच राहिलं. पाऊस पडला, कोवळं गवत आलं आणि त्याबरोबर पोटात जंतही गेले. शेजाऱ्याने मेंढ्यांसाठी जंताचं औषध आणलं होतं. तेच घेतलं, तेवढंच पाजलं. काही दिवसांनी बघतो तर एका शेळीच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, जबड्याखाली सूज. मग आपण म्हणतो, ‘औषधच डुप्लिकेट निघालं!’

पण औषध अस्सल असू शकतं. कमी पडला तो डोस. कारण शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. दोघींचं यकृत वेगळं चालतं.

यकृत म्हणजे खाटकाच्या दुकानात आपण ज्याला काळीज म्हणतो, ते. पोटातून रक्तात गेलेली बहुतेक औषधं आधी तिथं पोचतात. तिथं विकरं, म्हणजे एन्झाइम, कामाला बसलेली असतात. त्यातलं मोठं घराणं म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. शरीराला परकी वाटणारी वस्तू मोडायची, पाण्यात विरघळेल अशी करायची आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर काढायची, हे यांचं काम.

अल्बेंडाझोलचंच बघा. यकृत आधी त्याचं सल्फॉक्साइड बनवतं. जंत मारण्याचं काम मुख्यतः तेच करतं. मग त्याचं सल्फोन होतं आणि त्यात दम राहत नाही. शेळीत हा सगळा प्रवास मेंढीपेक्षा लवकर उरकतो. बाभूळ, बोर असला तुरट पाला ओरबाडणाऱ्या शेळीचं यकृत अशा पदार्थांचा निचरा करण्यात तरबेज झालं असावं, असं मानलं जातं.

म्हणून अल्बेंडाझोलच्या गटातली औषधं शेळीला मेंढीच्या साधारण दुप्पट, तर लेव्हामिसोल दीडपट लागतं, असं पशुवैद्य सांगतात. पण थांबा, हे ऐकून लगेच बाटली उचलू नका! लेव्हामिसोल जास्त झालं तर लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर दगावूही शकतं. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल दिलं तर पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. वजन करून डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच.

आता पुढची गंमत. या विकरांचा वेग कायम सारखा नसतो. एक औषध दुसऱ्याचं गणित बदलतं. फिट येणाऱ्या कुत्र्याला फिनोबार्बिटोन देतात. काही आठवड्यांत यकृत जास्त विकरं बनवायला लागतं, आणि तोच डोस अपुरा पडू शकतो. उलटही होतं. टियामुलिन हे प्रतिजैविक विकरांना अडवून धरतं. खाद्यात मोनेन्सिन असताना कोंबड्यांना किंवा डुकरांना टियामुलिन दिलं, तर मोनेन्सिन शरीरात साचतं, स्नायू आणि हृदय बिघडतं, जनावरं मरतात. दोन्ही औषधं एरवी कामाची, एकत्र आली की घात.

हार्मोनही यात हात घालतात. प्रयोगशाळेतल्या नर उंदराला हेक्झोबार्बिटल हे झोपेचं औषध दिलं तर तो मादीपेक्षा लवकर जागा होतो. त्याचं खच्चीकरण केलं की हा फरक कमी होतो, टेस्टोस्टेरॉन दिलं की परत येतो. सगळ्याच प्राण्यांत फरक इतका ठळक नसतो, पण नर, मादी, गाभण, वय हे सगळं मोजावं लागतं. नुकत्याच जन्मलेल्या करडाची विकरं तर अजून पुरती तयारही नसतात.

मग आपण करायचं काय? डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: शेळीचं वजन, ती गाभण आहे का, आणि मागच्या महिनाभरात तिला काय काय दिलं, खाद्यातल्या औषधासकट. एका वहीत तारखा लिहून ठेवा. दूध आणि मटण किती दिवस विकायचं नाही तेही विचारा. डोस वाढला की हे दिवसही वाढतात, आणि औषधाचा अंश सहसा सगळ्यात उशिरा उतरतो तो काळजातूनच.

अर्धवट डोस वाचवल्यासारखा वाटतो, पण वाचतात ते जंत. आणि वाचलेले जंत ज्या पिल्लांना जन्म देतात, त्यांच्यावर पुढच्या पावसाळ्यात तेच औषध चालेनासं होतं. तुमच्याच नाही, शेजाऱ्याच्याही शेळ्यांवर.

आज इथंच थांबू. भेटू पुढच्या भागात. तोवर जनावरांची आणि स्वतःची काळजी घ्या.