पदांच्या पोथ्यांतील आवृत्तीच्या खुणा

पदें, अभंग व आरत्या यांच्या हस्तलिखितांत ‘ध्रु०’, ‘२’ आणि लहानसें शून्य अशा तीन खुणा वारंवार आढळतात. संग्राहकांचें लक्ष बहुधा कर्ता, शक व पाठ यांकडे असतें. या खुणा लेखकाची सोय समजून मागें राहतात. आमच्या मतें त्या गाणाऱ्यास दिलेल्या आज्ञा आहेत, व तशाच त्या वाचल्या पाहिजेत.

‘ध्रु०’ म्हणजे ध्रुवपद. प्रथम तें पूर्ण लिहून त्यापुढें ही खूण घालतात. पुढें कडव्याच्या अंतीं नुसती ‘ध्रु०’ आली, कीं मागें जाऊन तें पद पुन्हां म्हणावें असा अर्थ. कित्येक लेखक त्याऐवजीं ध्रुवपदाचा आद्य शब्द लिहून पुढें शून्य देतात. हें लाघवाचें शून्य होय. उरलेलें वाचकास ठाऊक आहे, इतकेंच तें सांगतें. शब्दापुढें २ आला म्हणजे तो शब्द दोनदां घ्यावयाचा. ही रीत गाण्यापुरतीच नव्हे. संस्कृत पोथ्यांत ‘पुनः २’ व जुन्या मराठी लेखनांत ‘हळू २’ असें सांपडतें.

पाश्चात्य स्वरलेखनांतही अशा खुणा आहेत. जोडरेघेस लागून दोन टिंबें असलीं, कीं तेवढा भाग पुन्हां वाजवावयाचा. ‘दा कापो’ या इतालियन शब्दांचा अर्थ आरंभापासून, ‘दाल सेन्यो’ म्हणजे खुणेपासून, व ‘फीने’ म्हणजे समाप्ति. आमचें ‘ध्रु०’ या दुसऱ्याच्या जवळचें. मात्र ध्रुवपद किती वेळां घोळवावें व कोठें थांबावें, हें आमचा लेखक परंपरेवर सोडतो.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवरील आंकडे स्वर दाखवितात. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपींत समेस ×, खालीस ० व दुसऱ्या टाळीस २ हें चिन्ह आहे. तेव्हां एकच आंकडा स्थानपरत्वें स्वर, टाळी, आवृत्ति किंवा कडव्याचा क्रम सांगतो.

निर्णय करण्याची रीत सोपी आहे. क्रमांक बहुधा दोन दंडांच्या जोड्यांमध्यें, कडव्याच्या अंतीं येतो. आवृत्तीचा २ ओळीच्या पोटांत शब्दास चिकटून असतो. तरीही संशय राहिल्यास मात्रा मोजाव्या. ओळ जितक्या मात्रांनीं उणी, तितक्याच मात्रांचा तो शब्द असेल, तर आंकडा आवृत्तीचा समजावा. हा विचार न केल्यास नकलकार २ गाळतो, छंद मोडतो, आणि पुढील अभ्यासक निर्दोष पदास सदोष ठरवितो.

जयगडासारख्या खाडीकांठच्या गांवांत भजनाच्या हस्तलिखित वह्या अद्यापि घरोघरीं असतात. पोथ्यांच्या मानानें अर्वाचीन म्हणून त्या उपेक्षूं नयेत. चाल जाणणारा मनुष्य हयात असतांनाच त्याच्याकडून एकेक खूण वाचून घ्यावी. नक्कल करतांना ‘ध्रु०’ मुकाट्यानें विस्तारूं नये, २ आहे तेथेंच ठेवावा, व छायाचित्र घेतांना समास कापूं नये. शब्द दुसऱ्या प्रतींत मिळतील. परंतु एका गांवीं तें पद कोठें वळून पुन्हां म्हटलें जाई, याचा लेखी पुरावा त्या एका वहींतच असण्याचा संभव आहे.