तळ्यातला मासा आणि नदीतला मासा
तळ्यात मासे पिकले म्हणजे नदीतला मासा वाचला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. थाई मागूरच घ्या. हा मूळ आफ्रिकेतला मासा हवेतूनही श्वास घेतो, ओल्या चिखलातून सरपटतो आणि लहान मासे फस्त करतो. पुरात तळे फुटले की तो नदीत शिरतो. म्हणूनच केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली; तरी चोरटे पालन चालतेच.

तीर्थपुरीकरांच्या गोदावरीला आणखी एक दुखणे आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले आणि विणीसाठी वर चढणाऱ्या माशांची वाट अडली.

नफा तळेवाल्याचा आणि तोटा भोयाच्या जाळ्याचा, हा हिशेब आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. आमचे मागणे एवढेच, की बंदी कागदावरून काठावर आणा आणि विणीच्या दिवसांत जाळे आवरणाऱ्या भोयांच्या चुलीची सोय करा.