टस्कनीचे द्राक्षमळे आणि शेतकऱ्याघरची सुट्टी

इटलीच्या मध्य भागात, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन ऐतिहासिक शहरांच्या दरम्यान, कियांतीचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. उतारांवर द्राक्षमळे, त्यांना लागून ऑलिव्हच्या बागा, मधूनमधून ओक वृक्षांची राने आणि टेकडीच्या माथ्यावर एखादे दगडी शेतघर, असे येथील दृश्य असते. उन्हाळ्यापासून द्राक्षतोडणीपर्यंत देशोदेशींची कुटुंबे येथे आठवडाभराच्या मुक्कामाला येतात. त्यांपैकी अनेकांचा मुक्काम हॉटेलात नसून शेतकऱ्याच्या घरी असतो. इटालियन भाषेत या व्यवस्थेला ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणजे कृषी पर्यटन म्हणतात. इटलीत अशी २५ हजारांच्या आसपास शेतघरे आहेत. पाहुण्यांच्या दृष्टीने ती सुट्टीची सोय आहे. शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती जमिनीवर टिकून राहण्याची वाट ठरली आहे.

अर्धेलीची जुनी पद्धत

ही वाट का शोधावी लागली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. टस्कनीत अनेक शतके ‘मेद्झाद्रिया’ ही पद्धत रूढ होती. जमीन आणि घर जमीनदाराचे, श्रम कसणाऱ्या कुटुंबाचे आणि उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रात जिला अर्धेली म्हणतात, तिच्याशी या पद्धतीचे जवळचे नाते दिसते. शेतघराच्या तळमजल्यावर बैलांचा गोठा आणि वरच्या मजल्यावर कुटुंबाचा संसार असे. घराच्या सर्व गरजा त्याच जमिनीतून भागवायच्या असल्याने गहू, द्राक्षे आणि ऑलिव्ह शेजारी शेजारी घेतले जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत रोजगार मिळू लागला आणि कसणारी कुटुंबे शहरांकडे वळली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे रूपांतर खंडाच्या करारांत करण्याचा मार्ग खुला केला. तोपर्यंत अनेक घरे ओस पडली होती.

शेती आधी, पाहुणे नंतर

या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये इटलीच्या संसदेने कृषी पर्यटनाचा पहिला राष्ट्रीय कायदा संमत केला. २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुण्यांची सोय हा तिला जोडून येणारा उद्योग असला पाहिजे, हे या कायद्यांचे सूत्र आहे. निवासासाठी शेतावर पूर्वीपासून असलेल्या इमारतीच वापराव्यात, असे २००६ चा कायदा सांगतो. ताटात वाढले जाणारे पदार्थ बव्हंशी स्वतःच्या शेतातील व परिसरातील असावेत, अशीही अट आहे. बारीकसारीक नियम प्रत्येक प्रांत ठरवतो. बैलांच्या जुन्या गोठ्यात आज पाहुण्यांचे स्वयंपाकघर दिसते, त्याचे कारण या व्यवस्थेत आहे.

मुलांना काय पाहता येते?

मद्याचा प्रदेश हा मुलांसाठी नव्हे, असा समज असू शकतो. प्रत्यक्षात लहान मुलांना येथे शेतीचे संपूर्ण चक्र पाहता येते. येथील प्रमुख द्राक्ष सांजोवेझे या जातीचे आहे. त्याची तोडणी साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि त्यानंतर ऑलिव्हची फळे उतरवून तेल काढले जाते. काळ्या द्राक्षाचा रसही जवळजवळ रंगहीन असतो. लाल रंग येतो तो सालीतून. म्हणून रस सालींसह आंबवला जातो. ‘कियांती क्लासिको’ या मद्यात किमान ८० टक्के सांजोवेझे असणे बंधनकारक आहे आणि ते तोडणीनंतरच्या वर्षी १ ऑक्टोबरपूर्वी बाजारात आणता येत नाही. त्यामुळे तोडणी पाहणाऱ्या कुटुंबाला त्या द्राक्षांचे मद्य त्या सुट्टीत विकत मिळत नाही.

या प्रदेशाची सीमा १७१६ मध्ये टस्कनीचा शासक तिसरा कोसिमो याने आखून दिली होती. १९२४ मध्ये उत्पादकांनी संघ स्थापन केला. बाटलीवरील काळा कोंबडा ही त्याचीच खूण आहे. केवळ ‘कियांती’ असे लिहिलेले मद्य मात्र त्याहून विस्तृत प्रदेशात तयार होते.

प्रवासापूर्वी लक्षात घ्यावे असे

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा आवश्यक असतो. शेतघरे गावापासून दूर असल्याने मोटार लागते आणि त्यासाठी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बाळगावा लागतो. मद्य चाखून वाहन चालवण्याबाबत नियम कडक आहेत. परवाना मिळून तीन वर्षे न झालेल्या चालकाला तर एक थेंबही चालत नाही. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या वाहनांना प्रवेश मर्यादित असतो व नियमभंगाचा दंड भाड्याच्या गाडीमार्फत पुढे घरपोच येऊ शकतो. शाकाहारी कुटुंबांसाठी शिळा पाव, घेवडा आणि पालेभाज्यांचे ‘रिबोल्लिता’ हे सूप सोयीचे आहे. येथील पाव अळणी असतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

मराठी वाचकांसाठी या टेकड्यांत आणखी एक ओळखीची खूण आहे. फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाचा जुना गढीवजा वाडा आहे. महायुद्धाच्या काळात उफीत्सी संग्रहालयातील चित्रे तेथे सुरक्षिततेसाठी हलवण्यात आली होती. बॉत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ हे जगप्रसिद्ध चित्रही त्यांत होते. १९४४ च्या उन्हाळ्यात लढाई दाराशी पोचली, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी या ठेव्यावर पहारा दिला. युद्धानंतर हा वाडाही पाहुण्यांच्या निवासासाठी वापरात आला.

दोन आधार

२०१७ मध्ये एप्रिलमधील थंडीचा कडाका आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा यांमुळे टस्कनीतील द्राक्षांचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले. अशा वर्षी पाहुण्यांकडून येणारे भाडे शेतकऱ्याला सावरते. उलट २०२० मध्ये महासाथीमुळे पाहुणे थांबले, तेव्हा मळ्यातील कामे मात्र थांबवता आली नाहीत; वेली छाटाव्याच लागल्या, द्राक्षे तोडावीच लागली. शेतीला प्रथम स्थान देण्याच्या अटीमागील अर्थ त्या वर्षी नव्याने समजला. केवळ पाहुण्यांवर विसंबलेले घर पाहुणे येईनासे झाले की पुन्हा ओस पडते. शेत कसणारे घर उघडे राहते.