आंखूड रायफल आणि तिचा वायुमार्ग

कडाबीन हा शब्द मराठीला परका नाहीं. घोडेस्वाराला खोगिरावरून वापरतां यावी म्हणून नळी आंखूड ठेवलेल्या बंदुकीला हें नांव होतें. युरोपांतील कार्बाइन हा शब्दच येथें येऊन असा रुळला. नळी आंखूड झाली कीं बंदूक हलकी होते आणि अडचणीच्या जागींहि सहज फिरवितां येते. प्रत्येक बार हातानें भरावयाचा असे, त्या काळीं या सोयीची किंमत म्हणजे गोळीचा थोडा वेग, एवढीच होती. परंतु जी रायफल रिकामी पुंगळी आपणच फेंकून देऊन नवें काडतूस आपणच भरते, तिची नळी कापणें म्हणजे चालत्या घड्याळांतील एक चाक बदलणें होय. बाकीच्या सर्व चाकांना त्याचा हिसका बसतो.

अशी रायफल चालते ती दारूच्या वायूवर. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर १८८९ च्या सुमारास नेमबाजी पाहत असतां त्याच्या लक्षांत आलें कीं, प्रत्येक बाराबरोबर नळीच्या तोंडापुढील गवत जोरानें वांकतें. एवढी शक्ति फुकट जाते, मग तिला कामाला कां लावूं नये? या विचारांतून त्याची वायूवर चालणारी मशीनगन जन्मास आली. पुढें १९५० नंतरच्या दशकांत युजीन स्टोनर यानें हीच कल्पना फार सुटसुटीत केली. त्याच्या रायफलींत नळीच्या अंगाला एक बारीक भोंक असतें. गोळी त्या भोंकापुढें गेली कीं मागचा वायु त्यांतून वर चढतो, एका बारीक नलिकेंतून मागें येतो आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागें घट्ट बसलेल्या अडसराला, फिरवून मोकळा करतो. याच रचनेची रायफल पुढें अमेरिकन सैन्यांत एम् १६ या नांवानें प्रसिद्ध झाली.

आतां सारा प्रश्न उरतो तो हें भोंक कोठें पाडावें हा. दारू पेटतांच कोठींतील दाब दर चौरस इंचास ५०,००० पौंडांच्या वर जातो. त्या दाबानें पितळेची पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते, आणि दाब उतरला म्हणजे पुन्हां आकसून सैल होते. ती सैल होण्यापूर्वींच बोल्ट मागें ओढूं लागला, तर तो प्रकार गाडी फलाटाला लागण्यापूर्वींच डब्याचें दार उघडून उडी टाकण्यासारखा होतो. एखादे वेळीं निभावतें, नेहमीं नाहीं. पुंगळी ओढून काढणारी नखी पुंगळीची कड सोडते किंवा फाडते. बोल्ट नको तितक्या वेगानें मागें जाऊन परत येतो, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचें काडतूस वर उचलण्यास वेळ मिळत नाहीं.

स्टोनरच्या मूळ रायफलीची नळी २० इंचांची, आणि भोंक कोठीच्या बाजूपासून सुमारें १३ इंचांवर. पुढें उरले ७ इंच. गोळीला तेवढें अंतर तोडण्यास सेकंदाचा सुमारें ५,००० वा भाग लागतो. तेवढाच वेळ वायु भरदाबानें मागें ढकलला जातो. गोळी तोंडाबाहेर पडली कीं दाब ओसरतो. नलिकेचें काम या निमिषमात्रांत उरकतें.

हिशोब थोडाहि चुकला तर काय होतें, हें व्हिएतनामांत दिसलें. १९६४ सालीं काडतुसांतील दारू बदलली. भोंक जागचें हललें नाहीं. परंतु नव्या दारूनें त्यापाशीं दाब अधिक राहूं लागला आणि रायफल नेमलेल्या वेगाहून जलद चालूं लागली. त्यांत कोठीला आंतून क्रोमियमचा मुलामा नव्हता, आणि साफसफाईचें सामानहि सर्वांना पुरविलेलें नव्हतें. ऐन लढाईंत पुंगळ्या कोठींत अडकूं लागल्या व सळईनें ठोकून काढाव्या लागल्या. असे हातघाईस आलेले कित्येक सैनिक प्राणांस मुकले. अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीनें १९६७ सालीं याची चौकशी करून कडक ठपका ठेवला.

त्याच युद्धांत या रायफलीच्या आंखूड आवृत्त्या निघाल्या. नळी १० इंचांची, मग साडेअकरा इंचांची. एवढ्या नळीवर भोंक मागें, ७ ते ८ इंचांच्या दरम्यान घेण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. नाहींतर पुढें कांहीं उरलेंच नसतें. पुढें १९९४ सालीं सैन्यानें एम् ४ ही कार्बाइन स्वीकारली. तिची नळी साडेचौदा इंच झाली, पण भोंक आंखूड बंदुकीच्या जुन्या जागींच राहिलें. नागरिकांसाठीं विकल्या जाणाऱ्या १६ इंची नळीवरहि पुष्कळदां तेंच. गरज संपली तरी संवय सुटली नाहीं, असा हा प्रकार. येथें वायु फार लौकर, फार तप्त आणि फार दाबाचा मिळतो, आणि त्यास काम करण्यास वेळहि भरपूर सांपडतो. मग नखीची स्प्रिंग अधिक ताठ करा, बोल्टमागील वजन वाढवा, असे उपाय सुरू झाले. ते लागू पडतात, नाहीं असें नाहीं. परंतु ते रोग्यापेक्षां रोगलक्षणांवरचे आहेत.

मधल्या लांबीचा वायुमार्ग म्हणजे तें भोंक सुमारें २ इंच पुढें, साडेनऊ ते दहा इंचांच्या दरम्यान नेणें. तेथवर येईतों दाब बराच उतरलेला असतो. बोल्ट जरा उशिरा सुटतो, पुंगळी सैल होण्यास अवकाश मिळतो, खांद्याला बसणारा धक्का मऊ होतो आणि बोल्टचे दांते अधिक टिकतात. १६ इंची नळीला हीच रचना योग्य, याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. साडेचौदा इंचांवर भोंकापुढें जेमतेम ५ इंच उरतात. तरी अमेरिकेच्या विशेष दलांनीं २०१८ च्या सुमारास आपल्या कार्बाइनींसाठीं तीच पसंत केली. साडेअकरा इंचांवर मात्र तिचा आग्रह धरणें वेडेपणा होय. तेथें पुढें इतकें थोडें अंतर राहतें कीं, सौम्य काडतूस असलें तर बोल्ट अर्ध्यावरूनच परत यावयाचा.

भोंकाच्या जागेइतकाच त्याचा व्यास महत्त्वाचा, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड राहतो तो हाच. स्वस्त व सौम्य काडतुसांवरहि बंदूक अडूं नये म्हणून कांहीं कारखानदार भोंक मुद्दाम मोठें पाडतात. मग मार्ग मधल्या लांबीचा असूनहि वायूचा लोंढा पूर्वींसारखाच येतो. व्यास इंचाच्या हजारांशांत मोजावयाचा असतो. लहान भोंक वाढवितां येतें, वाढलेलें पुन्हां लहान होत नाहीं. त्यासाठीं एक तर नळीच बदलावी लागते, नाहींतर वायु रोखणारा पेंचाचा ठोकळा वरून बसवावा लागतो.