साय घुसळताना नेमके काय घडते?

आयर्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकातही अनेक घरांत लोणी काढले जाई, आणि हे काम मुख्यतः बायकांकडे असे. धारा काढून झाल्या की दूध गाळून रुंद, उथळ भांड्यांत थंड जागी ठेवत. स्निग्धांश पाण्याहून हलका असल्याने साय वर येई. ती काढून काही दिवस साठवली जाई. तेवढ्यात जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करत. साय किंचित आंबे, लोण्याला खास स्वाद येई.

घुसळण्याचे भांडे लाकडी, उभट आणि वर निमुळते असे. झाकणाच्या भोकातून आत सोडलेल्या दांड्याच्या टोकाला भोके पाडलेली लाकडी चकती बसवत. रवी गरगर फिरते. हा दांडा मात्र वरखाली मारावा लागे.

दुधातल्या प्रत्येक स्निग्धकणाभोवती पातळ आवरण असते, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत. घुसळताना सायीत हवा शिरून फेस होतो, कण बुडबुड्यांभोवती जमतात, एकमेकांवर आदळतात आणि आवरणे फाटतात. कणांतली काही चरबी घट्ट स्फटिकांच्या, तर काही द्रव रूपात असते. द्रव चरबीमुळे कण चिकटतात, स्फटिकांमुळे गुठळीला आकार येतो. सायीत पाण्यात चरबी विखुरलेली असते. लोण्यात चरबीतच पाण्याचे थेंब अडकलेले असतात.

स्फटिक आणि द्रव यांचे हे प्रमाण तापमानावर ठरते. साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला लोणी चांगले येते. साय फार थंड असली तर कण चिकटत नाहीत आणि घुसळण लांबते; उबदार असली तर लोणी तेलकट होते व बराच स्निग्धांश ताकात जातो. म्हणून थंडीत भांडे आधी गरम पाण्याने विसळून घेत.

कधी कधी कितीही घुसळले तरी लोणी येत नसे. तेव्हा कुणीतरी घराचे 'लोण्याचे भाग्य' चोरले, असे मानत. ही भीती १ मेच्या सुमारास सर्वाधिक असे. म्हणूनच घुसळण चालू असताना आलेल्या पाहुण्यानेही दांड्याला हात लावावा, अशी रीत होती.

लोण्याचे दाणे दिसू लागले की ताक काढून घेत. लोणी थंड पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धूत, कारण आत राहिलेल्या ताकामुळे ते लवकर खवट होते. मग लाकडी थाप्यांनी दाबून उरलेले पाणी काढत आणि मीठ मिसळत. मिठाने लोणी टिके. ताक बटाट्यांबरोबर प्यायले जाई. सोडा घातलेल्या पावातही तेच लागे. ताकातले आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि यीस्टशिवाय पाव फुगतो.

वरकड लोणी बाजारात जाई. कॉर्क शहरातली १७७० मध्ये सुरू झालेली लोण्याची पेठ १९२४ पर्यंत चालली. दरम्यान १८७८ मध्ये गुस्ताफ दे लावाल यांनी साय वेगळी करणारे फिरते यंत्र बनवले. पुढे गावोगावी सहकारी दुग्धालये उभी राहिली आणि विक्रीचे लोणी घराबाहेर तयार होऊ लागले.