जिनांतील मोटारी व केबलचें वलय

गाडी भरून कापूस जिनाच्या आवारांत न्यावा आणि आंतील यंत्रें बंद पडल्यामुळें रात्र तेथेंच काढावी, हा प्रसंग यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी बंधूंवर आलेला असेल. प्रस्तुत लेखकावरही सरकारी नोकरी संपल्यानंतरच्या पहिल्याच हंगामांत तो आला. चौकशी करतां कळलें कीं, मोटार जळलेली नव्हती व वीजही होती. मोटारींस हुकूम पोहोंचविणारी बोटाहून बारीक केबल उंदरांनीं कुरतडली होती. एवढ्याशा कारणानें कारखाना दिवसभर उभा राहावा, हें मनास पटेना. आमच्या लोहाऱ्यास औद्योगिक वसाहत असल्यामुळें हीं कामें करणारे तरुण शेजारींच भेटतात. त्यांजकडून जें समजून घेतलें, तें सहकारी जिनांच्या सभासदांस व संचालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

हल्लींच्या मोठ्या जिनांत कापूस ओढणारा पंखा, पट्टे, जिन, सरकी नेणारा मळसूत्री वाहक, गांठी बांधणारा प्रेस, या प्रत्येकास निराळी मोटार असते. मोटारीची गति राखणाऱ्या उपकरणास ड्राइव्ह म्हणतात, आणि सर्व ड्राइव्हांवर एकच नियंत्रक हुकमत चालवितो. रुई वाहणारा पट्टा थांबला कीं जिनही तत्काळ थांबले पाहिजेत. नाहींतर रुई तुंबते, घासून तापते व आगीस निमित्त होतें. म्हणून हुकूम येईनासा झाला कीं ड्राइव्हनें मोटार थांबवावी, अशीच योजना बहुधा केलेली असते. ती योग्यच आहे. पण मग केबल तुटली कीं काम थांबलेंच.

केबल एका ड्राइव्हपासून दुसऱ्यास, दुसऱ्यापासून तिसऱ्यास अशी रांगेनें नेली, तर तिची स्थिति आपल्या शकुंतला गाडीच्या रुळासारखी होते. मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा करीत तो अडीच फुटी रूळ यवतमाळास येऊन संपे. दारव्ह्यास तो उखडला, तर यवतमाळास गाडी येण्यास दुसरी वाट नव्हती. शेवटच्या ड्राइव्हपासून एक केबल परत नियंत्रकाकडे आणली कीं रांगेचें वलय होतें. कारागीर त्यास रिंग म्हणतात. मग कोठेंही एके ठिकाणीं तुटलें, तरी हुकूम उलट बाजूनें पोहोंचतो.

वलय पुरें जोडलेलें असेल तर कांहीं संदेश त्यांत अखंड फिरत राहून गोंधळ माजवितील. यासाठीं त्यांतील एक उपकरण व्यवस्थापक नेमलेलें असतें. तें आपलें एक दार लावून ठेवतें, मात्र परीक्षेचे संदेश सारखे फिरवून पाहतें. ते परत आले नाहींत, कीं केबल तुटली असें समजून दार उघडतें. मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल या पद्धतींत 50 उपकरणांपर्यंतच्या वलयास यासाठीं बहुधा 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पांचवा भाग, इतकी मर्यादा धरतात. डिव्हाइस लेव्हल रिंग या पद्धतींत तितक्याच उपकरणांस 3 मिलिसेकंदांहूनही कमी वेळ पुरतो. ड्राइव्हनें हुकुमाची वाट किती वेळ पाहावी, हा काळ या मर्यादेहून अधिक ठेवावा लागतो. नाहींतर दार उघडण्यापूर्वींच मोटार थांबते.

आतां खरी मेख. पहिल्या तुटीनंतर सर्व कांहीं पूर्ववत् चालतें, म्हणून तिकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक वलय त्या क्षणींच संपून पुन्हां रांग झालेली असते. दुसरी तूट आली कीं दोहोंमधील मोटारी तुटून पडतात. नियंत्रक तुटीची सूचना देतो; पण ती वाचून सही करणारा मनुष्य कोण? आमच्या कचेरींत आलेलें टपाल आवक वहींत नोंदल्याशिवाय पुढें जात नसे. येथेंही तशीच वही ठेवावी, आणि हंगामाआधीं एकदां मुद्दाम केबल काढून सूचना येते कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी चूक काटकसरीपोटीं होते. परतीची केबल पहिलीच्याच चरांतून नेतात. मग एक कुदळ किंवा एक उंदीर दोन्ही वाटा एकदम बंद करतो. ती निराळ्या भिंतीनेंच न्यावी, चार पैसे अधिक लागले तरी चालतील. तसेंच, दुरुस्तीसाठीं ड्राइव्हची वीज काढली तर संदेशही तेथें अडतात. असे दोन ड्राइव्ह एकाच वेळीं बंद ठेवले, तर मधले विनाकारण अडकतात. म्हणून ड्राइव्हच्या संदेशभागास 24 व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा देतां येतो काय, हें खरेदीपूर्वींच विचारावें. नियंत्रक स्वतःच बिघडला किंवा गांवची वीज गेली, तर वलयाचा कांहीं उपयोग नाहीं. आणि संकटसमयीं यंत्र थांबविण्याचें लाल बटण या सामान्य संदेशांवर सोपवूं नये. त्याची स्वतंत्र तार थेट मोटारीच्या वीजपुरवठ्यापर्यंत नेलेली असावी.