नसलेली वस्तू कारण होते का? मेंढ्या-शेळ्यांचा गर्भनाश आणि खनिजांचा अभाव

मंडळी, मागच्या वेळी आपण वैशेषिकांच्या 'अभाव' या पदार्थापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक मेंढपाळ मामा माझ्यापाशी आले. म्हणाले, "सर, ते घट नसण्याचं राहू द्या. माझ्या चार मेंढ्या गाभडल्या. डॉक्टर म्हणतात, अंगात कायतरी कमी असेल. आता जे नाहीच, ते पिल्लू कसं मारंल?" मी पशुवैद्य नव्हे. पण प्रश्न माझ्याच विषयातला निघाला, म्हणून मधल्या दिवसांत वाचत बसलो. आज घटाऐवजी मेंढी घेऊ.

नैयायिक म्हणतात, अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो 'प्रतियोगी'. घट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला 'इथे घट नाही' असं म्हणता येत नाही. न्यूझीलंडच्या मेंढपाळांची अडचण नेमकी ही होती. तिथल्या बऱ्याच जमिनींत सेलेनियम फार कमी. मेंढ्या माजावर यायच्या, मेंढा लागायचा, पण पुढे काही कळपांत पाचांतली एक, कुठे त्याहूनही अधिक मेंढ्या भाकड राहायच्या. कुरणात गाभडलेलं पिल्लू कुठेच नाही. कारण गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, गर्भाशयाला चिकटण्याच्या सुमारास मरायचा आणि एवढासा जीव आतल्या आत जिरून जायचा. म्हणजे बघा, कारण दिसत नाही आणि कार्यही दिसत नाही! मग दोष द्यायला मेंढा असतोच.

त्यात सेलेनियमची ख्याती तोवर विषाची. अमेरिकेच्या मैदानी मुलखात ते जास्त झालं की जनावरांचे केस झडत, खूर सुटत, हे १९३० च्या दशकात कळलं होतं. तेच मूलद्रव्य शरीराला लागतं, हे क्लाउस श्वार्त्स यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून १९५७ साली दाखवलं. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर चाचण्या झाल्या. अशा चाचणीची रीत साधी असते. कळप एकच, कुरण एकच, मेंढेही तेच. निम्म्या मेंढ्यांना मेंढा सोडण्याआधी सेलेनियम द्यायचं, निम्म्यांना नाही. ज्यांना दिलं त्यांच्यात भाकड मेंढ्या कमी झाल्या. सेलेनियमच्या जोडीने ज्याचं नाव घेतात, ते 'ई' जीवनसत्त्व एकटं देऊन हा गुण आला नाही. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. अभावावर आरोप ठेवायचा तर नसलेली वस्तू आणून ठेवावी लागते, आणि काय बदललं ते पाहावं लागतं. नुसतं 'कायतरी कमी असेल' हे निदान नव्हे. कशाचं कमी? प्रतियोगी सांगा.

आयोडीनचं थोडं सोपं आहे, कारण तो अभाव अंगावर खूण ठेवतो. शेळी स्वतः ठणठणीत दिसते, पण करडू मेलेलं किंवा मरतुकडं जन्मतं, अंगावर लव विरळ, आणि गळ्याशी गाठ. आयोडीन कमी मिळालं की ग्रंथी ते ओढून घ्यायला वाढते, तोच गलगंड. गंमत अशी, की चाऱ्यात आयोडीन असूनही हे होऊ शकतं. कोबीचा पाला ढिगाने घातला, तर त्यातली द्रव्यं आयोडीनचं काम अडवतात. तांब्याचंही तसंच. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोकरं मागच्या पायांनी लुळी पडत. त्याचं मूळ तांब्याच्या अभावात आहे, हे बेनेट्स यांनी १९३७ च्या सुमारास दाखवलं. पण काही ठिकाणी गवतात तांबं असतं, आणि मॉलिब्डेनम व गंधक मिळून पोटातच त्याला बांधून टाकतात. इथे एकाचा भाव हाच दुसऱ्याचा अभाव होतो. यावर जुन्या पंडितांनी चांगला वाद घातला असता.

मामांनी विचारलं होतं, "मग खनिज मिश्रणाची पिशवी आणून सगळ्यांना चारू का?" थांबा. सेलेनियम किलोभर कोरड्या चाऱ्यात ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पुरतं; तेच काही मिलिग्रॅम झालं आणि रोज पोटात गेलं, तर विष. तांब्याच्या बाबतीत मेंढी फार नाजूक. ते तिच्या यकृतात साठत जातं, आणि एक दिवस कावीळ, काळसर लघवी, मरण. गाईसाठीचं मिश्रण मेंढीला घालू नये ते यासाठी. शेळी त्यापेक्षा जास्त तांबं सोसते, तेव्हा दोघींना एकच पिशवी नको.

आणि त्याही आधी दुसरं. पाठोपाठ चार मेंढ्या गाभडल्या, विशेषतः दिवस भरत आल्यावर, तर पहिला संशय संसर्गाचा. ब्रुसेला, क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा ही नावं डॉक्टरांना ठाऊक असतात. पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेत पाठवा. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला त्या जागी फिरकू देऊ नका. हे रोग माणसाला होतात. संसर्ग नाही असं ठरलं, की मग कळपातल्या काही मेंढ्यांचं रक्त तपासायचं.

हे मी मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रगत मेंढा सोडायच्या आधीच बघाया पायजे." बरोबर. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते, पण सेलेनियमचा प्रश्न असेल तर निकाल पहिल्याच महिन्यात लागलेला असतो. त्यांचा वाडा सध्या घाटाखाली आहे. परत येतील तेव्हा नमुने काढायचं ठरलंय. पुढच्या वेळी प्रागभाव घेऊ.